गॅलरीच्या टोकावर विटांची भिंत बांधावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यात काळ्या जमिनीवर बांधलेलं, पंधरा वर्षांपूर्वीचं दोन मजली घर. पहिल्या मजल्यावर बारा फूट लांब आणि चार फूट बाहेर आलेली गॅलरी, स्लॅबची जाडी पाच इंच, टोकाला लोखंडी रेलिंग. खोली लहान पडते म्हणून मधली भिंत पाडून गॅलरी आत घ्यायची आहे आणि रेलिंगच्या जागी साडेचार इंची विटांची भिंत उभी करायची आहे. ठेकेदार म्हणतो, "गणपतीत वीस माणसं याच गॅलरीत उभी होती, काही झालं का? फारच वाटलं तर टोकाला दोन लोखंडी पोल देऊ." फिजिक्स शिकलेले मेव्हणे म्हणतात, गॅलरीतलं कपाट, वॉशिंग मशीन आणि कुंड्या काढल्या की वजनाचा हिशेब जवळपास जुळतो. शिवाय दाराच्या उंबऱ्याला समांतर अशी एक बारीक भेग फरशीवर दिसू लागली आहे. मग भिंत बांधावी का?

आधी उत्तर देतो. गॅलरीच्या टोकावर विटांची भिंत बांधू नका. आणि मधली भिंत तर कुणी जाणत्या माणसाने घर पाहिल्याशिवाय अजिबात पाडू नका. माझं काम इमारतींच्या आराखड्यांचं आणि जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं आहे. गॅलरी खोलीत घेण्याची कामं माझ्याकडे सतत येतात. पण नुसतं "नको" म्हटलं तर ठेकेदार तुमचं मन वळवेल, म्हणून कारणं सविस्तर सांगतो.

"गॅलरी किती वजन पेलेल?" या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नसतं. एकाच बाजूने धरलेल्या स्लॅबवर वजन किती आहे याच्या बरोबरीने ते आधारापासून किती लांब आहे हेही मोजावं लागतं. शंभर किलो भिंतीला खेटून ठेवले आणि तेच शंभर किलो टोकाला ठेवले, तर वजनकाट्यावर फरक शून्य. पण गॅलरी जिथे घराला चिकटते त्या रेषेवर त्यांचा परिणाम कितीतरी पटींनी वेगळा असतो. बल गुणिले अंतर म्हणजे आघूर्ण, साइटवर आम्ही ज्याला मोमेंट म्हणतो. मेव्हण्यांनी वजनांची बेरीज बरोबर केली असेल, पण गुणाकार राहून गेला.

तो आपण करू. गॅलरीची एक मीटर लांबीची पट्टी घ्या, बाहेर आलेली १.२ मीटर. पाच इंची, म्हणजे १२५ मिमी स्लॅबचं वजन चौरस मीटरला साधारण ३१० किलो. खालची भर आणि फरशी मिळून १००. रहिवासी घराच्या गॅलरीसाठी माणसांचं आणि सामानाचं वजन आपली मानकं कमीत कमी ३०० किलोच्या आसपास धरायला सांगतात. स्लॅब आणि फरशी सगळीकडे सारखी पसरलेली असल्याने त्यांचं अंतर सरासरी ०.६ मीटर. यावरून स्लॅब-फरशीचा मोमेंट सुमारे २९५ केजी-मीटर येतो आणि माणसा-सामानाचा सुमारे २१५. एकूण ५१० झाले. गॅलरी नीट आखलेली असेल, तर निदान एवढ्यासाठी आखलेली असणार.

आता भिंत. साडेचार इंची, नऊ फूट उंच, दोन्ही बाजूंनी प्लास्टर. हिचं वजन दर मीटर लांबीला ७५० किलोच्या आसपास येतं. आणि ती उभी कुठे आहे? अगदी टोकाला, आधारापासून जवळजवळ १.१४ मीटरवर. एकट्या भिंतीचा मोमेंट ८५५. म्हणजे स्लॅब, फरशी आणि गर्दी यांच्या बेरजेपेक्षाही जास्त. गॅलरीची खोली झाल्यावर माणसा-सामानासाठी ३०० ऐवजी २०० किलो धरता येतात, ती सवलत घेतली तरी एकूण जवळपास १३०० वर पोहोचतो. होता ५१०, झाला १३००.

गणपतीतल्या वीस माणसांचंही बघा. सरासरी ६५ किलो धरले तर १३०० किलो झाले. गॅलरीचं क्षेत्रफळ साधारण साडेचार चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला जवळपास ३०० किलोच. गॅलरी ज्या गर्दीसाठी बनते तेवढीच गर्दी तिच्यावर होती आणि तिने ती पेलली. बारा फुटांची भिंत मात्र २७०० किलोंची, सगळी टोकावर. त्या गर्दीच्या चौपट मोमेंट. माणसं आरती झाल्यावर घरी गेली, भिंत जाणार नाही. काँक्रीटवर कायमचं वजन ठेवलं की ते पहिल्या दिवशी जेवढं वाकतं तेवढ्यावर थांबत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं. याला आम्ही क्रीप म्हणतो. ताज्या काँक्रीटवर तो जास्त असतो, पंधरा वर्षं जुन्यावर कमी, पण नाहीसा होत नाही.

इथपर्यंत झालं ते बाहेरचं गणित. बल स्लॅबच्या आत काय करतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण मोडतो तो माल, आकडा मोडत नाही. घरी एक प्रयोग करा. शाळेतला लांबट खोडरबर घ्या, त्याच्या बाजूवर पेनाने उभ्या समांतर रेघा काढा. अर्धा टेबलावर दाबून धरा, अर्धा बाहेर ठेवा आणि बाहेरचं टोक खाली दाबा. टेबलाच्या कडेपाशी रेघांची वरची टोकं एकमेकांपासून लांब गेलेली दिसतील, खालची टोकं जवळ आलेली. वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते आणि मधे कुठेतरी एक थर असतो जो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. तुमच्या गॅलरीत हेच चाललेलं आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक.

हाच प्रश्न गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात घेतला होता. भिंतीत रोवलेली तुळई, टोकाला टांगलेलं वजन. ताकद रुंदीच्या पटीत आणि जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढते हे त्याने बरोबर ओळखलं. पण तुळईचा सगळा छेद ताणलाच जातो आणि ती खालच्या कडेभोवती फिरते असं त्याने धरलं, खालचा दाब सुटला. त्यामुळे त्याच्या हिशेबाने तुळई खऱ्यापेक्षा तिप्पट मजबूत ठरते. पुढे १७७३ मध्ये कुलोंबने वरची ओढ आणि खालचा दाब यांची नीट मांडणी केली. वर ओढ, खाली दाब ही गोष्ट समजायला मोठमोठ्या डोक्यांना सव्वाशेहून अधिक वर्षं लागली, म्हणून ती ठेकेदाराच्या लक्षात आली नाही तर मी त्याला नावं ठेवत नाही. पण घर तुमचं आहे.

काँक्रीटला दाब चालतो, ओढ चालत नाही. एम-२० या घरबांधणीतल्या नेहमीच्या प्रतीच्या काँक्रीटचा ठोकळा चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब घेतो, पण वाकवताना त्याची ओढ सोसण्याची ताकद ३ च्या जरा वर असते. सरळ ओढलं तर आणखी कमी. म्हणून जिथे ओढ आहे तिथे सळई घालायची. खोलीच्या स्लॅबमध्ये, जो दोन्हीकडे टेकलेला असतो, मधल्या भागात ओढ खालच्या बाजूला असते, म्हणून तिथे सळई खाली. गॅलरीत ओढ वर असते, म्हणून सळई वर हवी. कागदावर हे प्रत्येक इंजिनिअर बरोबर काढतो. गडबड स्लॅब भरायच्या दिवशी होते. वरची सळई खुर्च्यांवर, म्हणजे सळईच्याच वाकवून केलेल्या छोट्या आधारांवर, उचलून ठेवलेली असते, घमेली घेऊन माणसं तिच्यावरून चालतात, खुर्च्या आडव्या होतात आणि सळई खाली बसते. ८ मिमीच्या सळया सहा-सहा इंचांवर असतील, तर नीट वर राहिलेल्या जाळीची चरम ताकद, म्हणजे मोडण्याआधीची शेवटची मर्यादा, सुमारे १३५० केजी-मीटर येते आणि सुरक्षिततेचा दीडपट राखीव भाग सोडला तर वापरायला ९००. तीच जाळी एक इंच खाली दबली की ताकद पावपटीहून जास्त घटते. पार तळाला गेली तर सव्वादोनशेही उरत नाही.

सव्वादोनशे म्हणजे स्लॅब आणि फरशीच्या स्वतःच्या २९५ पेक्षा कमी. मग अशी गॅलरी सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब भरताना खाली दिलेले तात्पुरते टेकू-फळ्या, काढल्या दिवशीच का पडत नाही? कारण पाच इंची काँक्रीट भेग पडेपर्यंत सळईशिवायही काही ओढ सोसतं. एम-२० धरून हिशेब केला तर भेग पडण्याचा मोमेंट सुमारे ८१५ येतो. गॅलरीवर रोजचा मोमेंट तीन-साडेतीनशे, गर्दीच्या दिवशी ५१०. म्हणजे चुकीच्या जागी सळई असलेली गॅलरीसुद्धा नुसत्या काँक्रीटच्या जोरावर वर्षानुवर्षं उभी राहू शकते, गणपतीची गर्दीही पेलू शकते. "इतकी वर्षं काही झालं नाही" यावरून सळई वर आहे की खाली हे कळतच नाही. ८१५ ओलांडला, किंवा पाणी मुरून, ऊन-पावसाने, आकसून वरून भेग पडली, की त्या क्षणी सगळी ओढ सळईकडे जाते. ती जागेवर असेल तर गॅलरी वाकेल, कुरकुरेल, सावध करेल. नसेल तर उंबऱ्याच्या रेषेवरून दरवाजासारखी खाली येते आणि सावध व्हायला वेळ देत नाही. १३०० चा मोमेंट हा ८१५ च्या खूप पुढे आहे आणि सळई अगदी बरोबर बसली असली तरी १३५० च्या कडेला. सगळा राखीव भाग एका भिंतीत संपतो.

वरचे आकडे मी तुम्ही दिलेल्या मापांवर आणि काही अंदाजांवर काढलेत, हे लक्षात ठेवा. काँक्रीट कमी प्रतीचं असेल, सळया लांब-लांब असतील, स्लॅब टोकाला निमुळता होत चार इंचांवर येत असेल तर चित्र आणखी वाईट. सळया १० मिमीच्या आणि जवळजवळ असतील तर बरं. सळई मागे खोलीच्या स्लॅबमध्ये किती लांब गेली आहे यावरही बरंच अवलंबून आहे. गॅलरी जेवढी बाहेर आली आहे त्याच्या दीडपट तरी ती आत जायला हवी, असं मी आराखड्यात लिहितो. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. जुना आराखडा असेल तर शोधा. नसेल तर सळई शोधण्याचं यंत्र मिळतं, त्याने वरून तपासता येतं. खात्रीसाठी उंबऱ्याजवळ एका ठिकाणी फरशी काढून थोडं काँक्रीट टाकीने कोरून सळई किती खोल आहे ते बघायचं आणि नंतर ती जागा नीट भरून घ्यायची. हे काम इंजिनिअर समोर असतानाच करा.

आता पोल. "टोकाला आधार दिला म्हणजे जास्तच सुरक्षित" हे इतकं पटण्यासारखं वाटतं की त्यावर थोडं थांबतो. पोल दिल्यावर स्लॅबवर आधीपासून असलेलं वजन पोलकडे जात नाही, ते उंबऱ्याशीच राहतं. नव्याने येणारं वजन वाटलं जातं. इथवर ठीक आहे. पण दोन्ही बाजूंनी टेकलेला स्लॅब मधल्या भागात खोलीच्या स्लॅबसारखा वागू लागतो, म्हणजे ओढ खालच्या बाजूला येते. तुमच्या गॅलरीत खाली सळई बहुधा नाही. चार फुटांच्या अंतरात ही खालची ओढ फार मोठी नसते आणि काँक्रीट ती बहुतेक वेळा सोसतं. मला जास्त काळजी दोन वेगळ्या गोष्टींची आहे. एक, दोन पोल बारा फुटांच्या दोन टोकांना लावले तर त्यांच्यामधली गॅलरीची कड कशावर टेकणार? कडेला बीम नाही. भिंतीचं वजन पोलपर्यंत नेणारं तिथे काहीच नाही. दुसरी गोष्ट तुमच्या जमिनीची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. अंगणातल्या फरशीवर किंवा दीड-दोन फुटांच्या खड्ड्यात उभा केलेला पोल तिच्याबरोबर वर-खाली होणार. उन्हाळ्यात तो खाली गेला की आधार नाहीसा आणि सगळं वजन पुन्हा गॅलरीवर. पावसाळ्यात तो वर आला की टोकाला खालून ढकलणार, तेही जिथे सळई नाही अशा बाजूला ओढ आणत.

विटांचीच भिंत हवी असा घरात आग्रह असेल, तर त्याचाही मार्ग आहे. गॅलरीच्या बाहेर स्वतंत्र पोल, त्यांच्यावर पूर्ण लांबीचा लोखंडी आय-सेक्शन (इंग्रजी I आकाराचा बीम), पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत नेलेला आणि भिंत त्या बीमवर. गॅलरीच्या स्लॅबला ती भिंत टेकता कामा नये, मधे सांधा ठेवून तो लवचीक मालाने भरायचा. खर्च वाढतो, पण बल कुठून कुठे जातं ते स्पष्ट राहतं.

मधल्या भिंतीबद्दल मी सुरुवातीलाच इतकं ठाम का लिहिलं ते सांगतो. घर कॉलम-बीमचं असेल, तर गॅलरी आणि खोलीच्या सीमेवर बीम असतो आणि खालची-वरची भिंत ही भरणीची, म्हणजे नुसती जागा बंद करणारी. ती काढता येऊ शकते. पण घर लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच सगळं वजन पेललेलं, असेल, तर गॅलरीचा स्लॅब त्या भिंतीत दाबलेला असतो आणि वरच्या भिंतीचं वजनच त्याची मागची बाजू खाली दाबून धरतं. टोक खाली जाऊ पाहतं, मागची बाजू वर उठू पाहते, भिंत तिला उठू देत नाही. ती भिंत पाडली की दाबून धरणारं वजन गेलं, आणि त्याच आठवड्यात तुम्ही टोकावर २७०० किलो चढवणार. शिवाय वरच्या गच्चीचा स्लॅब त्याच भिंतीवर टेकलेला असतो, तो वेगळाच धोका. नऊ इंची भिंत दिसली म्हणून लोडबेअरिंग असं समजू नका, कॉलमच्या घरातही बाहेरच्या भिंती नऊ इंची असतात. कोपऱ्यांत कॉलम, छताखाली उतरलेले बीम दिसतात का ते बघा आणि खात्री इंजिनिअरकडून करून घ्या.

फरशीवरच्या भेगेचं काय? ती उंबऱ्याला समांतर आहे, म्हणजे जिथे ओढ सर्वात जास्त तिथेच. म्हणून मी ती हलकी घेणार नाही. पण घाबरूही नका. खोलीची फरशी आणि गॅलरीची फरशी जिथे मिळतात तो सांधा असाच उघडतो आणि त्याचा स्लॅबशी काही संबंध नसतो. त्या ओळीतल्या दोन-तीन फरश्या काढून खालचं काँक्रीट बघा. काँक्रीट अखंड असेल तर सांध्यातून पाणी आत जाणार नाही एवढी दुरुस्ती करा, कारण वरून मुरलेलं पाणी थेट त्याच सळईवर जातं जिच्यावर गॅलरी उभी आहे. गंजलेल्या सळईचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. काँक्रीटमध्येच भेग असेल तर तिची रुंदी मोजून घ्या. ०.३ मिमीपर्यंतची भेग काँक्रीटचं आपलं मानक आयएस ४५६ सर्वसाधारण परिस्थितीत चालवून घेतं, पण ऊन-पावसात उघड्या असलेल्या भागासाठी ०.२ मिमीची मर्यादा सुचवतं. त्याहून रुंद असेल, किंवा भेगेवर आडवी चिकटवलेली पातळ काचपट्टी काही दिवसांत तडकली, तर गॅलरी लगेच रिकामी करा. कपाट, मशीन, कुंड्या, सगळं. खाली कुणी बसणार-झोपणार नाही असं बघा. मग पूर्ण लांबीत जाड फळी लावून तिच्याखाली ओळीने जॅक द्या. जॅक नुसते टेकतील एवढेच आवळायचे, स्लॅब वर उचलायचा नाही.

हे सगळं ठीक निघालं आणि मधली भिंतही काढण्याजोगी निघाली, तर गॅलरी बंद करायला हलका माल वापरा. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत ५ मिमी काच लावली, तर खाली-वरच्या पट्ट्या धरूनही मीटरला पन्नास-साठ किलोंच्या आत काम होतं. विटांच्या ७५० समोर हे जवळपास काहीच नाही आणि माझी पहिली पसंती तीच. हलक्या चौकटीवर सिमेंट बोर्डही चालेल. चार इंची हलक्या ब्लॉकची भिंत प्लास्टरसह मीटरला २८५ किलोंच्या आसपास जाते, एकूण मोमेंट ७६० च्या घरात. कागदावर ते ९०० मध्ये बसतं, पण सळई वर आहे हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी त्यावर सही करणार नाही. काहीही लावा, वरच्या बाजूला गच्चीच्या बाहेर आलेल्या स्लॅबपाशी थोडी फट सोडून ती लवचीक मालाने भरा. नाहीतर तो स्लॅब काळाच्या ओघात वाकून या नव्या भिंतीवर टेकेल आणि त्याचंही वजन गॅलरीवर येईल. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या परवानगीचं आधी विचारून घ्या.

आणि ठेकेदाराला कधी नवी गॅलरी भरताना बघितलंत, तर त्याला दोन गोष्टी जरूर सांगा. वरच्या सळईवर कुणी चालणार नाही यासाठी फळ्या टाका आणि खुर्च्या भरपूर द्या. आणि सेंट्रिंग काढताना टेकू टोकापासून सुरू करून भिंतीकडे या. भिंतीकडचे आधी काढले तर टोकाचा टेकू तेवढ्या वेळापुरता तुमच्या त्या पोलसारखाच वागतो, ताज्या काँक्रीटमध्ये, जिथे खाली सळई नाही.

उंबऱ्याजवळच्या फरश्या काढल्यावर काँक्रीटचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि घरात कॉलम-बीम कुठे दिसतात त्याचं साधं रेखाचित्र पाठवा. त्यावरून पुढचं बोलू.